टेबलावर माझं कॉमिक, आणि खपतंय दुसऱ्याचं पात्र

शाईबोट

स्वतः लिहिणारे, स्वतः काढणारे आणि छापखान्याचं बिलही स्वतःच भरणारे जे कोणी इथे असतील त्यांच्यासाठी हा धागा. नुसते वाचक असाल तरी या. किंबहुना तुम्हीच जास्त या.

कॉमिकच्या मेळ्यांमध्ये मी टेबल घेतो. उजवीकडे माझं कॉमिक: काळंपांढरं, ३२ पानी, सेंटर पिन (घडीवर मधोमध पिना मारलेलं). डावीकडे नामांकित सुपरहिरोंची आणि जपानी मंगातल्या पात्रांची मी काढलेली चित्रं, ए४ आकारात छापलेली. माणूस येतो, पुस्तक उचलतो, मागून पुढे फरफर पानं सोडतो, "तुम्ही स्वतः काढलंय? भारीच!" म्हणतो, पुस्तक पालथं ठेवतो आणि डावीकडचं चित्र घेऊन जातो. टेबलाचं भाडं त्या चित्रांवर निघतं. पुढच्या अंकाच्या कागदाचे पैसेही तिथूनच येतात.

ही पात्रं मी गल्ल्याकडे बघून काढत नाही. शाळेत वहीच्या मागच्या पानांवर हीच काढायचो, आणि आजही नवा अंक हातात आला की आधी कागदाचा वास घेतो, मग वाचतो. पण हल्ली वाटतं, दुकान माझ्यातला चाहता चालवतोय आणि चित्रकार नुसता गल्ल्यामागे बसून आहे. पुढच्या वेळी डावी बाजू काढून टाकू का? तुम्ही काय करता? आणि वाचकांनो, अनोळखी माणसाचं कॉमिक तुम्ही नेमकं कशावर विकत घेता?

आळशी_बोका

पहिला! मजकूर नंतर वाचतो.

काळेपांढरे

काढून टाका. दुसरा विचार करू नका.

ओळखीचा चेहरा दिसला की डोळा तिकडेच जातो, त्यात गिऱ्हाइकाचा काही दोष नाही. तुम्ही स्वतःच्या पुस्तकाशेजारी जगातली सगळ्यात जास्त ओळखली जाणारी पात्रं मांडून बसता आणि मग म्हणता पुस्तकाकडे कोणी बघत नाही. माझ्या टेबलावर फॅन आर्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रं, नसतं. गर्दी कमी होते, अगदी डोळ्यांत भरेल इतकी कमी होते. पण जो थांबतो त्याला विचारायला एकच गोष्ट असते: "हे कशाबद्दल आहे?" आणि मला बोलायचं असतं ते तेवढ्याचबद्दल.

मृण्मयी_रेषा

@काळेपांढरे, हे बोलायला बरं आहे. टेबलाचं भाडं तुमच्या बाणेदारपणातून वजा होत नाही.

हिशेब बघा ना. चित्र म्हणजे एक कागद, एका बाजूची छपाई, आणि गिऱ्हाइकाचा निर्णय पाच सेकंदांत. कॉमिक म्हणजे काही महिन्यांचं काम, बत्तीस पानं, आणि अनोळखी माणसाने "हे मी घरी जाऊन वाचेन" असा स्वतःवर ठेवलेला विश्वास. दोन्ही वस्तू एकाच तराजूत घालून रडण्यात अर्थ नाही. मी दोन्ही ठेवते, शिवाय तिथेच बसून सांगाल ते चित्रही काढून देते. त्यावर माझं पुस्तक छापून होतं. कोणाला कमीपणा वाटत असेल तर वाटू दे.

बाकी "चित्र फुकट काढून द्या, तुमचंच नाव होईल" म्हणणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढायला हवा. त्याला हजार प्रतिसाद नक्की.

निबवाला

हजार कमी पडतील ताई.

वकील_नाही

आयडीवरून लक्षात आलंच असेल, मी वकील नाही. पण या विषयात पुरेसा घाबरून वाचलेला माणूस आहे.

फॅन आर्ट विकणं म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रावर बेतलेलं काम विकणं. तो हक्क मूळ मालकाचा. बहुतेक कंपन्या मेळ्यातल्या चित्रांकडे काणाडोळा करतात, कारण चाहत्यांच्या मागे लागून बदनामीच पदरात पडते. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे, ही गोष्ट टेबलावर बसणारे विसरतात. डोळा कधीही सरळ होऊ शकतो.

आणि "मी विडंबन केलंय" हेही दर वेळी तारून नेत नाही. १९७१ साली अमेरिकन व्यंगचित्रकार डॅन ओ'नील आणि त्याच्या साथीदारांनी मिकी माऊसला नको ते उद्योग करायला लावणारी दोन कॉमिक्स काढली. डिस्नेने खटला भरला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने सांगितलं की विडंबनाला लागतं त्यापेक्षा जास्त उचललंय, पात्रं जशीच्या तशी काढली आहेत. मिकीची टर उडवायला तो ओळखू येण्यापुरता मिकी पुरला असता, असा त्याचा सरळ अर्थ.

जपानचा मामला निराळा. तिथे कोमिकेट नावाचा मेळा १९७५ च्या डिसेंबरात ३२ गटांवर सुरू झाला. आता वर्षातून दोनदा भरतो आणि चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांचा म्हणजे दोजिन्शींचा तो समुद्र आहे. त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या पात्रांवर. तिथल्या कायद्यात मालकाने तक्रार केली तरच सहसा खटला उभा राहतो. २०१८ मध्ये कायदा कडक झाला तेव्हाही चाहत्यांच्या विडंबनांना झळ लागणार नाही अशा बेताने कलमं लिहिली गेली.

जुना_वाचक

वरच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. चाहता वेगळा आणि चित्रकार वेगळा हे भांडण ज्यांना नवं वाटतं त्यांनी थोडं मागे जावं.

सुपरमॅन घडवणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर शाळेत असताना विज्ञानकथांचे वेडे चाहते होते. १९३३ मध्ये त्यांनी स्टेन्सिल कापून, मशीनवर प्रती काढून स्वतःचं एक फॅन मासिक चालवलं. सुपरमॅन हे नाव पहिल्यांदा त्यात आलं, आणि तिथला सुपरमॅन चक्क खलनायक होता. पुढे तो नायक झाला, मोठे निळे कपडे चढले, आणि १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क या दोघांनी १३० डॉलरला विकले. त्यानंतर हक्कांसाठी त्यांनी बरीच कोर्टकचेरी केली. १९७५ मध्ये इतर व्यंगचित्रकारांनी आणि चाहत्यांनी बोंब ठोकली तेव्हा कुठे वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन आणि पात्राखाली दोघांचं नाव मिळालं. गंमत म्हणजे ते १३० डॉलर ज्या ४१२ डॉलरच्या चेकमध्ये आले, तो चेक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. पात्राचे हक्क विकून त्यांना मिळालं त्याहून कितीतरी जास्त त्यांच्या सहीच्या कागदाला मिळालं.

शाईबोट, तुमचं पुस्तक खपत नसेल, पण पात्र तुमचं आहे. ते कोणाला १३० ला देऊ नका म्हणजे झालं.

निबवाला

@वकील_नाही, विडंबन तारतही असतं की. चार कासवांचं, म्हणजे ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’चं उदाहरण घ्या. १९८४ साली केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेर्ड या दोघांनी स्वतःच्या खर्चाने ४० पानी काळंपांढरं कॉमिक काढलं. पैसे कुठून? कराचा परतावा आणि काकांकडून उसने. सुमारे ३,००० प्रती. आणि ते काय होतं, तर त्या काळात गाजत असलेल्या निंजा आणि म्यूटंट कॉमिक्सची चेष्टा! डेअरडेव्हिल या सुपरहिरोच्या जन्मकथेतला तोच अपघात त्यांनी कासवांच्या वाट्याला दिला. पण पात्रं स्वतःची. कोर्टाने ओ'नीलला जे समजावलं ते या दोघांना आधीच उमजलं होतं.

काळेपांढरे

आणि मग १९८६-८७ मध्ये काय झालं तेही सांगा. कासवं गाजली म्हणून जो तो काळ्यापांढऱ्या कॉमिक्सचा कारखाना काढून बसला. कुठल्याही प्राण्यापुढे तीन विशेषणं लावायची आणि छापायचं. दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे मागवले, ते पडून राहिले, आणि त्यात चांगली पुस्तकंही बुडाली.

निबवाला

मान्य. माझ्याकडे त्या लाटेतले काही अंक आहेत. हलके घ्या, पण आवडतात मला.

रद्दीप्रेमी

मी चित्रकार नाही. मला सरळ रेघ पट्टी लावूनही येत नाही. पण मेळ्यात जाऊन अनोळखी लोकांची कॉमिक्स घेणारा जो दुर्मिळ प्राणी तुम्ही शोधताय, तो मी. म्हणून मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याला उत्तर देतो.

मी पहिलं पान बघत नाही. पहिल्या तीन पानांवर प्रत्येकाने जीव ओतलेला असतो. मी पुस्तक मधोमध, पिना दिसतात तिथे उघडतो. तिथे माणूस दमलेला असतो. पार्श्वभूमी गायब होते, सगळी पात्रं कमरेच्या वरच दिसायला लागतात, हात खिशात जातात. हात काढायचा कंटाळा आला की पात्रांना खिसे फुटतात, हे मी अगणित पुस्तकांत पाहिलंय. मधल्या पानावरही जर कोणी दोन माणसं खोलीत नेमकी कुठे उभी आहेत हे मला दाखवत असेल, तर पुस्तक माझं.

दुसरी गोष्ट अक्षरं. चित्र साधं चालेल, पण संवादाचा फुगा आधी कुठला वाचायचा हे कळलं नाही तर मी पुस्तक ठेवून देतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी. मुखपृष्ठावर "भाग १" दिसलं की माझा हात आखडतो. भाग २ येत नाही हो! माझं एक कपाट अनाथ पहिल्या भागांनी भरलंय. त्यातल्या निम्म्यांचा नायक शेवटच्या चौकटीत दार उघडून "तू?!" म्हणतो, आणि पुढे अनंत काळ तसाच उभा आहे.

मृण्मयी_रेषा

खिसे!! कोणीतरी बघतंय हे कळल्यावर आता झोप येणार नाही.

फुगेवाली

रद्दीप्रेमींना दंडवत. कोणीतरी अक्षरांकडे बघतं!

मी इतरांच्या कॉमिक्ससाठी लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरं, करते, म्हणून पोटतिडकीने लिहिते. अक्षरं शेवटी "बसवायची" गोष्ट नाही. कच्च्या पेन्सिलीतच फुगे आखा. चौकटीत दोघं बोलत असतील तर आधी बोलणारा डावीकडे आणि त्याचा फुगा वर. एवढं पाळलं तरी निम्मं वाचन सुरळीत होतं. लोक उलट करतात: सुंदर चित्र काढून ठेवतात, मग माझ्याकडे पाठवतात आणि म्हणतात, "चेहरे न झाकता बसवा." आधी बोलणारा उजवीकडे उभा असतो, त्याच्या डोक्यावर जागा नसते, आणि फुग्याची शेपटी चौकटभर वळसे घेत त्याच्या तोंडापर्यंत न्यावी लागते.

देवनागरीत तर आणखी पंचाईत. रोमन लिपीतली कॉमिक्स बहुधा मोठ्या अक्षरांत असतात, वरखाली काही लोंबत नाही, ओळी चिकटून बसतात. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. ओळींमध्ये अंतर ठेवावंच लागतं, म्हणजे फुगा मोठा होतो, म्हणजे चित्राची जागा कमी होते. उपाय एकच: संवाद छाटा. एका फुग्यात पंचवीस शब्दांच्या वर गेलात की तो फुगा न राहता निबंध होतो.

आळशी_बोका

अजून वाचतोय. रद्दीप्रेमींपर्यंत आलो. खिसे तपासायला गेलो होतो.

छापखान्यातला

फुगेवालींनी विषय काढलाच आहे तर छपाईचंही सांगून टाकतो, कारण दर मोसमात त्याच त्याच फायली येतात.

सेंटर पिनचं पुस्तक असेल तर पानं चारच्या पटीत हवीत, कारण एका कागदाची घडी घातली की चार पानं होतात. "तीस पानं झालीत, चालतील ना?" नाही चालणार. दोन कोरी जातील किंवा दोन काढावी लागतील.

नुसत्या काळ्या रेषेचं काम ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून आणू नका. ३०० रंगीत चित्रांना ठीक. रेषेला किमान ६०० हवं, जमलं तर १,२००, नाहीतर कडा दातेरी दिसतात. कडेपर्यंत चित्र असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं काढा, कारण कटिंगचं पातं तुमच्या रेषेवर थांबेलच असं नाही.

आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा मोठ्या अंधारासाठी झकास, पण बारीक अक्षरांना नको. प्लेट केसभर जरी हलली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते.

शाईबोट

हो हो हो. एका छापखान्याने माझ्या पहिल्या अंकाची फाईल मला न विचारता रंगीत करून टाकली आणि सगळ्या फुग्यांतली अक्षरं भूत लागल्यासारखी दिसत होती. विचारलं तर म्हणाले, "थ्रीडी इफेक्ट आलाय."

छापखान्यातला

तो आम्ही नव्हे. (आमच्यात "आर्टिस्टिक लुक" म्हणतात.)

निबवाला

अवांतर चालूच आहे तर माझंही एक. काढताना कागद मोठा घ्या, छापताना लहान करा. ए३ वर काढून ए४ ला छापलं की लांबीरुंदी साधारण ७१ टक्क्यांवर येते आणि हाताची थरथर मरते. पण ०.१ च्या पेनाने केसांचे बारकावे काढत बसलात तर तेही मरतात. मी मूळ पान भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघतो. तिथून जे दिसत नाही ते छापल्यावरही दिसणार नाही. आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय पेन्सिल खोडू नका. दाट काळ्या भागावर बोट फिरवून थंड लागलं तर अजून ओली आहे.

नवाखेळाडू

नमस्कार, मी इथे नवीन. माझ्याकडे गोष्ट आहे पण चित्र येत नाही. एआयने चित्रं करून कॉमिक काढलं तर मेळ्यात चालेल का?

फुगेवाली

आला! धागा पेटवणारा प्रतिसाद आला.

वकील_नाही

पेटण्याआधी एक माहिती. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नेमकं अशाच एका कॉमिकबद्दल निर्णय दिला. मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची, त्यावर तिचा हक्क. पण मिडजर्नी या एआयने बनवलेल्या एकेका चित्रावर तिचा हक्क नाही. म्हणजे तुमच्या नायकाचा चेहरा उद्या कोणीही उचलला तरी तुमची बाजू लंगडीच. शिवाय बऱ्याच मेळ्यांच्या नियमांत आता अशा चित्रांना सरळ बंदी असते. टेबल घेण्याआधी नियम वाचा.

काळेपांढरे

@नवाखेळाडू, चित्र येत नसेल तर काड्यांची माणसं काढा. मी चेष्टा करत नाहीये. एक्सकेसीडी हे इंटरनेटवरचं कॉमिक २००५ पासून काड्यांच्या माणसांवर चाललंय. वाचकाला पात्र ओळखू यावं आणि ते काय करतंय ते कळावं, बस. किंवा चित्रकार शोधा आणि त्याला पैसे द्या. "नफ्यात वाटा देईन" नको, नफा नावाची गोष्ट इथे कोणी पाहिलेली नाही.

नवाखेळाडू

काड्या काढून बघतो. धन्यवाद, मला वाटलं होतं शिव्या पडतील.

मृण्मयी_रेषा

थांबा, अजून सगळे जागे झाले नाहीत.

जुना_वाचक

रद्दीप्रेमींच्या अनाथ पहिल्या भागांकडे परत येतो, कारण मला तो मुद्दा फॅन आर्टच्या प्रश्नाशी जोडलेला वाटतो.

माणूस ओळखीच्या पात्राचं चित्र चटकन का घेतो? त्या पात्राची गोष्ट त्याच्या डोक्यात आधीच आहे. कित्येक वर्षं वाचलेली, पाहिलेली. चित्र फक्त तिला हाक मारतं. तुमच्या पात्राची गोष्ट कोणाच्याच डोक्यात नाही, आणि भाग १ वर थांबलात तर कधी जाणारही नाही. स्वतः छापणाऱ्यांत ज्यांचं नाव राहिलं ते बहुतेक करून संपवणारे लोक आहेत. जेफ स्मिथने ‘बोन’ १९९१ मध्ये स्वतःच छापायला घेतलं आणि २००४ मध्ये ५५ व्या अंकात गोष्ट संपवली. मग तेराशेच्या वर पानांचा एकच ठोकळा काढला. डेव्ह सिमने ‘सेरेबस’ १९७७ ते २००४ असं ३०० अंक ओढलं. त्यातल्या उत्तरार्धाबद्दल आणि त्याच्या मतांबद्दल मला आत्ता भांडायचं नाही, पण ३०० म्हणाला आणि ३०० केले.

काळेपांढरे

आणि त्यांच्या पहिल्या अंकात काय दिसतं माहितीये? ‘सेरेबस’ सुरुवातीला कॉनन छापाच्या तलवारबाज कॉमिक्सची नक्कल करत चेष्टा करणारा होता. म्हणजे पुन्हा चाहताच.

मृण्मयी_रेषा

अहो मग तुमचाच मुद्दा तुम्ही खोडताय!

काळेपांढरे

नाही. चाहता असू नका असं मी कुठे म्हटलं? त्याला पुस्तकाच्या आत ठेवा, टेबलावर नको, एवढंच.

फुगेवाली

हे टाळ्या घेणारं वाक्य झालं, पण याने भाडं निघत नाही ही ताईंची हरकत तशीच उभी आहे.

काळेपांढरे

निघत नाही. मी दिवसा नोकरी करतो. ते लपवत नाही.

वकील_नाही

पात्रं वापरायचीच असतील तर मोकळी झालेली वापरा, असाही एक रस्ता आहे. १९२८ मधला काळापांढरा मिकी अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला सार्वजनिक झाला. टिनटिन आणि पॉपाय यांची १९२९ मधली रूपं १ जानेवारी २०२५ ला. पण दोन खाचखळगे. एक, मोकळं झालंय ते फक्त जुनं रूप. नंतर जी जी भर पडली तिचं वर्ष वेगळं, आणि नावाचा ट्रेडमार्क असेल तर तो शिल्लकच. दोन, देश बदलला की नियम बदलतो. टिनटिनचा चित्रकार हर्जे १९८३ मध्ये गेला, आणि युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. म्हणजे टिनटिन अमेरिकेत मोकळा आणि त्याच्या स्वतःच्या घरी २०५३ संपेपर्यंत बंदिस्त.

निबवाला

टिनटिनला घरचा व्हिसा मिळेना!

आळशी_बोका

सगळं वाचलं. प्रश्न काय होता?

रद्दीप्रेमी

बोकोबा, प्रश्न असा होता की डावी बाजू ठेवायची की काढायची. आणि मला गिऱ्हाईक म्हणून उत्तर द्यायचंय, कारण तुम्ही सगळे टेबलाच्या त्या बाजूने बोलताय.

फॅन आर्टच्या टेबलावरून मी बहुतेक वेळा पुढे जातो. त्यात तुच्छता नाही. तिथे पुस्तक आहे हेच मला दिसत नाही. सगळं उभं लावलेलं, डोळ्यांसमोर झळकणारं, आणि पुस्तकांची चळत टेबलावर आडवी. तुम्ही पुस्तक उभं करा आणि चित्रं एका फाईलमध्ये घालून आडवी ठेवा. ज्याला हवीत तो फाईल उघडेल. भाडंही निघेल आणि मला पुस्तकही दिसेल. शिवाय तुमच्या स्वतःच्या पात्राचं एक मोठं चित्र मागे लावा. ते कोण आहे हे मला ठाऊक नसलं की मी विचारतो. सुपरहिरो कोण हे मी कशाला विचारेन?

मृण्मयी_रेषा

फाईलवाली युक्ती मी चोरली. कोणी पैसे मागू नका.

काळेपांढरे

मला फाईल चालेल. जाड पुठ्ठ्याची घ्या, सहज उघडणार नाही अशी.

शाईबोट

हे पटलं. डावी बाजू फाईलमध्ये जाईल. पुस्तकाच्या आत चाहत्यासाठीही थोडी जागा ठेवतो: माझ्या गोष्टीत एक म्हातारा सुपरहिरो आहे, त्याला मी आजवर दबकत काढत होतो, कोणाची तरी नक्कल वाटेल म्हणून. आता मोकळेपणाने काढतो.

@रद्दीप्रेमी, फक्त एक विचारायचंय. माझ्या मुखपृष्ठावर भाग १ लिहिलंय.

रद्दीप्रेमी

मला भीती होतीच. शेवटच्या चौकटीत कोणी दार उघडतंय का?

शाईबोट

खिडकी.

रद्दीप्रेमी

देवा.

शाईबोट

पण भाग २ कागदावर पूर्ण आहे, शाई निम्मी झालीय. त्यात गोष्ट संपते.

जुना_वाचक

मग भाग २ वेगळा छापू नका. संपला की दोन्ही एकत्र बांधा आणि वर आकडा घालू नका. चळतीतले जुने भाग १ उरले असतील तर पूर्ण पुस्तक घेणाऱ्याला भेट द्या.

निबवाला

शाई रेंगाळत असेल तर स्कॉट मॅक्क्लाउड या कॉमिक चित्रकाराने १९९० मध्ये काढलेला खेळ करून बघा: २४ तासांत २४ पानं, लिहिण्यापासून अक्षरांपर्यंत सगळं. तुमचा भाग २ तसा करू नका, वेगळीच फालतू गोष्ट घ्या. पानागणिक किती वेळ वाया घालवतो ते समजतं आणि नंतर हात सैल सुटतो.

छापखान्यातला

३२ आणि ३२ एकत्र बांधणार असाल तर ६४. सेंटर पिनमध्ये तेवढी बसतात, पण कागद जाड घेतला तर पुस्तक मिटत नाही आणि मधली पानं बाहेर सरकतात. कटिंगला त्यांच्याच कडा जास्त जातात. पातळ कागद घ्या, नाहीतर गोंदाची बाइंडिंग करा. गोंदाची केलीत तर पान पूर्ण उघडत नाही, म्हणून शिवणीकडच्या समासात निदान दहा मिलिमीटर मजकूर ठेवू नका. भाग १ च्या जुन्या फायली तशाच पाठवाल, तर आतले फुगे शिवणीत जातील.

फुगेवाली

फाईल आधी मला दाखवा. फुगे मी सरकवून देते, पैसे घेऊन. आणि म्हाताऱ्या सुपरहिरोला भाषणं देऊ नका, पंचवीस शब्द.